टोपलंभर माती

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कवीला झाडांवर बोलायला बोलावलं की तो सावलीवर बोलतो, पानगळीवर बोलतो, फार तर पाखरांवर बोलतो. मी आज मुळांवर बोलणार आहे. आणि मुळांच्याही पुढे, जिथे मूळ संपतं तिथून जे सुरू होतं, त्याच्यावर. या विषयाशी माझी गाठ पुस्तकात पडली नाही. ती पडली आमच्या दुसरबीडच्या कब्रस्तानात.

दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यातलं. जिजाऊंचं जन्मगाव हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. जमीन काळी, पिकं कापूस, सोयाबीन, तूर. आमच्या कब्रस्तानाच्या जुन्या भागात मोठमोठे कडुनिंब आहेत. पण काही वर्षांपूर्वी शेजारचा एक तुकडा त्याला जोडला गेला, तो उघडाबोडका. जेसीबी आला आणि एका दिवसात त्यानं तो तुकडा सपाट करून टाकला. वरची हातभर काळी माती खरवडून बाजूला लावली, आणि ती कधी, कुणाच्या ट्रॉलीतून गेली हे कुणाला कळलं नाही. उरली ती पांढरी चुनखडी आणि मुरूम.

२०१८ च्या पावसाळ्यात आम्ही पाचसात जणांनी तिथं कडुनिंबाची चाळीस रोपं लावली. आमच्यात झाड लावणं हा सदका-ए-जारिया मानतात, म्हणजे दान करणारा गेला तरी चालू राहणारं दान. माझे वडील त्याच नव्या तुकड्यात आहेत, त्यामुळे माझा जीव त्यात जरा जास्तच अडकलेला. पावसानं पाठ फिरवली. टँकरनं पाणी घातलं, काट्यांचं कुंपण केलं, शेणखतही टाकलं. तरी पुढच्या उन्हाळ्याअखेर चाळिसांपैकी सहा रोपं जिवंत होती. तीही लावली तेवढीच, वीतभरही वाढली नव्हती.

आमच्या गावात एक नाना आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मळ्यांत राबलेले, फळबागा लावून दिलेले. ते एकदा रस्त्यानं जाताना थांबले, एक वाळकं रोप उपटून त्याच्या मुळ्या त्यांनी बोटांवर घोळल्या आणि म्हणाले, "भाई, झाडं आनली खरी, पन त्याईची माती कुठं आनली? त्या जुन्या निंबाखालची टोपलंभर माती घ्या, खड्ड्याखड्ड्यात ओंजळ ओंजळ टाका, अन् मंग लावा."

२०१९ मध्ये आम्ही तसं केलं. पुन्हा चौतीस रोपं लावली, त्यांतली सत्तावीस जगली. आज त्यांतल्या काहींखाली माणसं सावलीला बसतात. आता, हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. २०१९ चा पाऊस लांबला होता, दिवाळीपर्यंत पडत राहिला आणि सोयाबीन कुजवून गेला, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. रोपांना तो मानवला. शिवाय पहिल्या वर्षाच्या चुकांतून आम्हीही शिकलो होतो. त्यामुळे श्रेय नानांच्या ओंजळीचं किती आणि पावसाचं किती, याचा हिशेब मला मांडता येणार नाही. पण त्या ओंजळीत असं काय असतं, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घर करून बसला. शेजारची एक मुलगी कृषी महाविद्यालयात शिकत होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "चाचा, बुरशी."

बुरशी म्हटली की आपल्याला शिळी भाकरी आठवते, लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो. ही बुरशी निराळी. ती कुजवत नाही. ती जिवंत झाडाच्या मुळाशी सोयरीक करते. अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये या सोयरिकीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बुरशी-मूळ एवढाच. गंमत अशी, की प्रशियाच्या सरकारनं या गृहस्थाला कामाला लावलं होतं ते ट्रफल नावाची महागडी, जमिनीखाली वाढणारी अळंबी पिकवता येते का ते पाहायला. अळंबी काही पिकली नाही, पण ती ज्या झाडांखाली सापडते त्यांच्या मुळांना बुरशीनं मोजे घातल्यासारखं वेढलेलं त्याला दिसलं.

आपल्या कडुनिंबाची, बाभळीची, सागाची बुरशी मात्र मोजे घालत नाही. ती थेट मुळाच्या आत शिरते. तिची छत्री उगवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात उकिरड्यावर दिसणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांशी तिचा संबंध जोडू नये. ती सगळी भुईच्या आत. मुळाच्या पेशीत गेल्यावर तिला बारीक बारीक फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते चित्र हुबेहूब झाडासारखं दिसतं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला 'आर्बस्क्यूल' म्हटलं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच लहानसं झाड. झाडाच्या मुळात झाड! ही कल्पना एखाद्या कवीनं केली असती तर समीक्षकांनी तिला कृत्रिम म्हटलं असतं. हे इवलं झाड काही दिवसच जगतं, मग विरून जातं आणि शेजारच्या पेशीत दुसरं उगवतं. देवाणघेवाण होते ती तिथंच.

देवाणघेवाण कशाची? सगळ्यांत मोठा माल स्फुरदाचा. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. स्फुरद जमिनीत असतो, आपण वरूनही टाकतो, पण चुन्याशी त्याची गाठ बसते आणि तो जागचा हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद वाहत नाही. मूळ आपल्या अंगाभोवतीचा मिलिमीटर दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलतं आणि मग उपाशी बसतं. ताटातलं संपलं आणि परात हाताच्या पलीकडे, अशी गत. बुरशीचा धागा आपल्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक. जिथे मूळ शिरत नाही अशा मातीच्या फटीत तो शिरतो, मुळापासून काही सेंटिमीटर लांब जातो, आणि स्फुरद, जस्त, थोडं तांबं असं काय काय गोळा करून आणतो. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींची, साधारण शंभरात सत्तर-ऐंशी जातींची, या एका प्रकारच्या बुरशीशी सोयरीक आहे. ही सोयरीक इतकी जुनी, की स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सापडलेल्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतसुद्धा तिच्या खुणा दिसतात. तेव्हा वनस्पतींना धड मुळंही फुटलेली नव्हती.

आणि झाड काय देतं? उन्हात रांधलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ. ही बुरशी स्वतः ते स्निग्ध घटक तयार करूच शकत नाही, झाडानं दिले तरच तिचा संसार चालतो, हे तर अगदी अलीकडे, २०१७ मध्ये उघड झालं. झाड आपल्या कमाईतला काही हिस्सा, कधी कधी पाचव्या भागापर्यंत, या धाग्यांना देऊन टाकतं. मला आपलं बलुतं आठवलं. खळ्यावर रास झाली की ज्याचा त्याचा वाटा निघायचा. अर्थात बलुत्यात जो अन्याय होता तो विसरून ही उपमा मला द्यायची नाही. सुताराला, मांगाला गाव बदलण्याची सोय नव्हती. इथे तशी सक्ती दिसत नाही. २०११ मध्ये टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की जी बुरशी जास्त स्फुरद आणते तिच्याकडे मूळ जास्त साखर पाठवतं, आणि जे मूळ जास्त साखर देतं त्याला बुरशीही माल जास्त देते. दोन्हीकडून हिशेब चोख.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मी थक्क झालो होतो. स्फुरदाची भूक लागली की मूळ जमिनीत एक रसायन सोडतं. बुरशीला घातलेली ती हाक. ही हाक ऐकून बुरशीच्या धाग्याला फांद्या फुटतात, हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. पण ते रसायन शास्त्राला त्याआधीच माहीत होतं, आणि ते एका तणामुळे. ज्वारीत येणारा टारफुला ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. जांभळट, पांढरट फुलांचं दिसायला नाजूक झाड, पण ज्वारीच्या मुळातून रस पिऊन अख्खं शेत बसवतं. टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं मुकाट पडून असतं, आणि मुळानं बुरशीला घातलेली हाक कानावर आली की उगवतं. हाक मित्राला, आला चोर. आपल्या आज्यापणज्यांनी टारफुल्याला शिव्या घातल्या, त्याच्या मागे ही अशी भानगड होती.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट. या सगळ्याच्या थोडं आधी मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, की जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात, म्हातारं झाड आपल्या पिलांना ओळखून त्यांना भरवतं. मूळ संशोधन कॅनडातल्या सुझान सिमर्ड यांचं, १९९७ चं. त्यांनी भूर्ज आणि डग्लस फर या झाडांमध्ये कर्बाची ये-जा मोजली होती, आणि सावलीत अडकलेल्या फरकडे तो जास्त जातो असं त्यांना आढळलं होतं. मी लगेच कविता लिहिली. झाड आई, बुरशी नाळ वगैरे. ती दोनचार कविसंमेलनांत वाचली, टाळ्या मिळाल्या. एका संमेलनाला ही शेजारची मुलगी आली होती. परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "चाचा, कविता छान आहे. पण तुमच्या कवितेतली झाडं कॅनडातली आहेत."

मला राग आला. नंतर मी वाचायला बसलो. तिचं म्हणणं खरं होतं. तिकडच्या फरची बुरशी मोजे घालणाऱ्या जातीची, आपल्याकडच्या कडुनिंबाची आत शिरणारी. तिकडचं मोजमाप इकडे तसंच्या तसं लागू होत नाही. शिवाय २०२३ मध्ये जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि म्हटलं, की आईनं पिलाला ओळखून भरवलं, असं म्हणायला जंगलातला पुरावा नाही. एका झाडातला कर्ब दुसऱ्यात सापडतो, पण तो बुरशीच्या धाग्यातून गेला की साध्या मातीतल्या पाण्यातून, हे वेगळं काढणं अवघड. या तिघांतल्या मेलनी जोन्स १९९७ च्या त्या निबंधात सिमर्ड यांच्याबरोबर होत्या. आपणच केलेल्या कामाबद्दल पंचवीस वर्षांनी 'लोकांनी यातून जरा जास्तच अर्थ काढला' असं म्हणायला मोठं मन लागतं. मी ती कविता त्यानंतर वाचलेली नाही. फाडलीही नाही, खोटं कशाला सांगू.

मग सिद्ध काय आहे? झाड आणि माती यांच्यामधली ने-आण. ती पक्की आहे. आणि तिचा पुरावा शोधायला कॅनडाला जायची गरज नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात जावं. तिथं गुमगावला मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून मॅंगनीज काढताना वरची माती आणि दगड उपसून बाजूला ढीग लावतात. हे ढीग वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, त्यांच्यावर गवत उगवायलाही मागेपुढे पाहतं. आमच्या कब्रस्तानाचा तुकडा म्हणजे त्याच ढिगाऱ्याचं लहान भावंड. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं झाडं लावली. त्यांनी खड्ड्यांत साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, आणि रोपांच्या मुळांना जिवाणूंबरोबर ही बुरशी दिली. साग, शिसव, कडुनिंब अशी आपली नेहमीची झाडं त्या ढिगांवर उभी राहिली. हळूहळू मातीत सेंद्रिय द्रव्य वाढलं, जिवाणू वाढले. या कामावरचे निबंध २००८-०९ च्या सुमारास परदेशी नियतकालिकांत छापून आले. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या ढिगांवरही त्यांनी असंच काम केलं.

प्रेसमड हा शब्द वाचताना मला हसू आलं. आमच्या गावात साखर कारखाना होता. तो चालू होता तेव्हा प्रेसमडचा वास गावाला नकोसा व्हायचा, आणि तो बंद पडल्यावर वास गेला याचं कुणाला सुख झालं नाही.

मला अधिक काळजी वाटते ती आपल्या शेतांची. खाणीचे ढीग आणि कब्रस्तानाचा तुकडा डोळ्यांना दिसतो, शेत मात्र हिरवं दिसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये डार्लिंग डाउन्स नावाचा भाग आहे. तिथली जमीन आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिथले शेतकरी पाणी साठावं म्हणून जमीन वर्ष वर्षभर पडीक, तणही न ठेवता, उघडी ठेवायचे. आणि मग पेरलेलं पीक, जवस असो, सूर्यफूल असो, हरभरा असो, खुरटायचं. पाणी भरपूर, नत्र भरपूर, तरी पीक स्फुरदानं आणि जस्तानं उपाशी. १९८० च्या दशकात जे. पी. थॉम्पसन यांनी दाखवलं, की इतके दिवस एकही जिवंत मूळ नसल्यानं बुरशीच घटली होती. घरात चूल पेटली नाही म्हणून पाहुणा उठून गेला, तसं.

आपण वर्षभर जमीन पडीक ठेवत नाही. पण सोयाबीन निघालं आणि रब्बी साधली नाही, तर दिवाळीपासून मृगापर्यंत शेत उघडंच असतं. वर खोल नांगरट, म्हणजे धाग्यांचं जाळं तुटलं. वर डीएपीच्या गोण्या. पिकाला स्फुरद आयता मिळाला की मूळ हाक घालत नाही, बुरशीला साखर देत नाही, आणि पुढच्या वर्षी गोणी आणखी मोठी लागते. पूर्वी धुऱ्यावर बाभळी होत्या, निंब होते, बोरी होत्या, त्यांच्याखाली बारमाही गवत होतं. शेत उघडं पडलं तरी धुऱ्यावर जिवंत मुळं असायची, बुरशीला डोकं टेकायला जागा असायची. ट्रॅक्टर वळायला अडचण नको, भावाभावांत वितभर जागेचा वाद नको, म्हणून धुरे बारीक होत गेले आणि झाडं गेली. मी शेतकऱ्याला नांगरू नको, डीएपी टाकू नको असं सांगणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला कवीनं रेडिओवरून शेती शिकवू नये. पण ज्वारीत तूर घेण्याच्या जुन्या रीतीत, जिथे ज्वारी निघाल्यावरही तुरीचं मूळ पौष-माघापर्यंत जमिनीत जिवंत राहायचं, काही शहाणपण होतं एवढं म्हणायला हरकत नसावी.

कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची पाकिटं मिळतात. काही चांगली असतीलही. पण वेगवेगळ्या देशांत तपासणी झाली तेव्हा बऱ्याच पाकिटांतली बुरशी मुळात शिरतच नाही असं दिसून आलं. आणि ही बुरशी फारशी जातपात पाळत नाही. निंबाखालची तुरीलाही चालते, गवतालाही चालते. म्हणजे जुन्या झाडाखालची ओंजळभर माती बहुतेकांना फुकट मिळण्यासारखी आहे. फक्त झाड रोगट नसावं आणि माती खरवडून झाडाचीच मुळं उघडी पाडू नयेत.

गेल्या वर्षी त्या मुलीनं आमच्या कब्रस्तानातल्या निंबांची बारीक मुळं तपासायला नेली. २०१८ च्या, कशीबशी तगलेल्या सहांपैकी एकाची, आणि २०१९ च्या, नानांच्या मातीतल्या एकाची. मुळं रसायनात उकळून पारदर्शक करायची आणि मग रंगवायची, अशी रीत. रंग म्हणून साधी फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर चालतं, हे तिनं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. शाई मीच दिली. मी अजून शाईच्या पेननं लिहितो, हे तिला ठाऊक होतं.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग तिनं चाक फिरवलं आणि मुळाच्या फिक्या पेशीत निळं, फांद्याफांद्यांचं, इवलं झाड उभं राहिलं. एकाच्या मुळात होतं, दुसऱ्याच्याही मुळात होतं. म्हणजे नानांची माती ज्याच्या खड्ड्यात गेली नव्हती त्याच्याकडेही बुरशी एव्हाना पोचली होती. कुठून, ते सांगता येत नाही. मी नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? शेजारी गेली असंन थे."

शाईची बाटली त्या मुलीनं अजून परत केलेली नाही.